वजन उतरतं पण टिकत नाही. तुमचं खरं कारण काय निघालं?

रात्रीचा_दिवा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४३. गेल्या अकरा वर्षांत मी तीनदा वजन उतरवलंय. पहिल्यांदा ९ किलो, मग १४, मग ११. बेरीज ३४ होते आणि तरी आज काट्यावर उभी राहिले की आकडा अकरा वर्षांपूर्वीपेक्षा ६ ने जास्तच. म्हणजे दहा-अकरा वर्षांचं एक अख्खं पोरगं मी अंगावरून उतरवलं आणि परत कडेवर घेतलं, वर एक तान्हं बोनस.

कसं उतरवायचं असं विचाराल तर मी क्लास काढू शकते. वजनकाटा आहे, स्वयंपाकघरातला छोटा काटा आहे, फोनमध्ये दोन ॲप आहेत, चालायच्या बुटांचे तीन जोड आहेत. उतरवता येतं. उतरलेलं ठेवता येत नाही. आणि दरवेळी परत चढायला नेमकं कधी लागतं ते मला दिसतच नाही, एक दिवस पँटचं बटण लागत नाही तेव्हाच कळतं.

थायरॉइड नॉर्मल, शुगर काठावर. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, वजन कमी करा म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

तर प्रश्न असा की ज्यांचं वाढलंय त्यांनी प्रामाणिकपणे सांगा, तुमचं का वाढलं? पुस्तकातलं कारण नको, तुमचं स्वतःचं. आणि ते कधी लक्षात आलं? "कमी खा जास्त हला" कृपया लिहू नका, ते मी रोज आरशासमोर स्वतःला ऐकवते.

गणितपक्का

ताई राग मानू नका, पण मी अप्रिय बोलूनच सुरुवात करणार. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी आणि ती हवेतून येत नाही. तुमचे अकरा वर्षांत निव्वळ ६ किलो वाढले, भागाकार केला तर रोजच्या ११-१२ कॅलरी येतात. अर्धं बिस्कीटसुद्धा नाही. इतकी छोटी चूक कुठल्याही ॲपमध्ये दिसणार नाही.

आणि माणसाला आपण किती खाल्लं ते कळत नाही हो. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, बाराशे कॅलरीच्या आत खातो तरी वजन हलत नाही असं म्हणणारे लोक घेतले होते. मोजून बघितलं तर त्यांच्या शरीराचा खर्च अपेक्षेइतकाच निघाला, फक्त खाल्लेलं त्यांनी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणून म्हणतो, भावनिक कारणं शोधण्याआधी दोन आठवडे सगळं काट्यावर तोलून लिहा. तेलाचा चमचासुद्धा.

झटपट_उपाय

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू. १५ दिवसात ५ किलो ग्यारंटी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खिडकीपाशी

संपादक, वरचा लिंबूवाला उडवा प्लीज.

@गणितपक्का, अभ्यास बरोबर सांगितलात, पण एक छोटी गोष्ट, दहाच माणसं होती त्यात. आणि तुमचा ११ कॅलरीचा भागाकार वाचून हसू आलं. बाई सांगतायत ३४ उतरवले आणि ४० चढवले, तुम्ही त्यावर इस्त्री फिरवून सरळ रेघ काढलीत. सरासरीने नदी गुडघाभरच असते, माणूस बुडतो तो डोहात. त्यांना विचारायचंय की डोह कुठेय.

दिवाताई, मला स्वतःला एक विचारायचंय. डाएटवर असताना तुम्ही खाण्याचे व्हिडिओ बघता का? मी बघायचे. तासन्‌तास. जे पदार्थ मी जन्मात करणार नाही त्यांचे. वाटायचं मी हावरट आहे, बाकी काही नाही. मग कुठेतरी अमेरिकेत मिनेसोटाला झालेल्या उपासमारीच्या प्रयोगाबद्दल वाचलं, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, १९४४-४५ साली झालेला. छत्तीस धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले आणि त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, वजन पाव हिश्श्याने उतरेपर्यंत. ते तरुण काय करायला लागले माहितीये? पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ताटं चाटायला लागले. रात्री खाण्याची स्वप्नं. आधी यातलं काही नव्हतं त्यांच्यात. आणि प्रयोग संपल्यावर पोट फुटेस्तोवर जेवले तरी भूक भागेना. आणि उपाशी म्हणजे किती, दिवसाला साधारण दीड हजार कॅलरी मिळायच्या त्यांना. आपल्या ॲपवर यापेक्षा कमी आकडा येतो आणि आपण त्याला शिस्त म्हणतो. ते वाचून मी पहिल्यांदा स्वतःला जरा कमी शिव्या घातल्या.

अर्धवट_झोप

माझं कारण एका शब्दात रात्रपाळी. नऊ वर्षं केली. सुरुवातीला सडपातळ म्हणता येईल असा होतो, सोडली तेव्हा २२ किलो जास्त.

लोक म्हणतात झोप नीट नाही म्हणून हार्मोन बिघडतात वगैरे, ते खरंच आहे, २००४ च्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना नुसत्या दोन रात्री चार चार तास झोपू दिलं तर भूक लावणारं ग्रेलिन २८ टक्के वर आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के खाली गेलं होतं, दोन रात्रीत, मी नऊ वर्षं काढली. पण माझं खरं कारण मला पाळी सोडल्यावर कळलं आणि ते वेगळंच होतं. आमच्याकडे खुर्चीवरून उठायला परवानगी फक्त दोन गोष्टींना होती, बाथरूम आणि खाणं. पाय मोकळे करायला उठलो म्हटलं की सुपरवायझर बघणार, पण मशीनमधून चिप्स आणायला चाललो म्हटलं की कोणी काही बोलत नाही. तर मी पहाटे तीन, चार, साडेचारला खायला उठायचो, मला भूक नसायची हो, मला उठायचं असायचं. हे एवढं साधं कळायला नोकरी सोडावी लागली. नंतर दिवसाची नोकरी मिळाली तरी वर्षभर पहाटे तीनला जाग यायची आणि हात फ्रिजकडे, शरीराला वाटायचं सुट्टीची वेळ झाली.

आता १३ उतरलेत, चार वर्षांत. उरलेले ९ तसेच आहेत आणि मी त्यांच्या मागे लागलो नाहीये.

चिठ्ठी_दाखवा

व्यवसायाने फार्मासिस्ट. हा मुद्दा कोणीच काढत नाही म्हणून लिहिते, तुम्ही कुठली गोळी घेता?

वजन वाढवणारी औषधं मी काउंटरवरून रोज देते आणि दहातल्या नऊ जणांना ते कुणी सांगितलेलं नसतं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड सगळ्यांना माहीत असतात. पण मनाच्या आजारांवर देतात ती ओलान्झापिन, क्लोझापिन, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रिगाबालिन, ब्लडप्रेशरसाठीचे जुन्या पद्धतीचे काही बीटा ब्लॉकर, आणि गंमत म्हणजे मधुमेहासाठीच दिलेलं इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड. साखरेसाठी औषध घ्यायचं, त्याने वजन वाढायचं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वजनावरून ओरडायचं.

माझं स्वतःचं सांगते. बाळंतपणानंतर दीड वर्षाने मला डिप्रेशन आलं. मिर्टाझापिन सुरू केलं. आधी हे लिहिते की त्या गोळीने मला वाचवलं, झोप आली, रडणं थांबलं. आणि सात महिन्यांत ८ किलो. मला, जिला पाठ आहे की ही गोळी भूक वाढवते, मला वाटत होतं मी ऐदी झालेय. रात्री दहाला गोळी घ्यायची आणि साडेदहाला घरात जे असेल ते. डॉक्टरांना सांगायला मी दोन वर्षं लावली, कारण वाटायचं जिवावरचं दुखणं गेलंय आणि मी कमरेबद्दल काय बोलू. सांगितलं तर ते म्हणाले आधी का नाही बोललात, आणि हळूहळू दुसऱ्या औषधावर आणलं. ८ पैकी ५ गेले, फार काही न करता.

हे वाचून कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नका. स्टेरॉइड तर दीर्घकाळ घेऊन अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. फक्त चिठ्ठी घेऊन जा आणि विचारा की याला पर्याय आहे का.

थायरॉइडबद्दल एक, लोक त्याच्यावर फार खापर फोडतात. थायरॉइड कमी असला तरी त्याच्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं आणि त्यातलं बरंच मीठ आणि पाणी. वीस किलोला एकटा थायरॉइड जबाबदार नसतो सहसा.

मागच्या_बाकावरून

पस्तिशीनंतर मेटाबॉलिझम बसतो हे कारण नाही का? माझं तरी तेच आहे.

खिडकीपाशी

मलाही तसंच वाटायचं. पण २०२१ मध्ये 'सायन्स' नावाच्या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास माणसं होती, त्यात असं दिसलं की शरीराच्या आकाराचा हिशोब धरला तर विशी ते साठी खर्च जवळजवळ सपाट असतो. साठीनंतर उतरतो. पस्तिशीत बसतो तो माणूस, मेटाबॉलिझम नाही. हलकं घ्या हो :)

मागच्या_बाकावरून

घेतलं. बसूनच वाचतोय.

नाव_नको

हा दुसरा आयडी आहे, इथे मला ओळखणारे आहेत.

चोवीस वर्षांची होते, पहिली नोकरी. वरच्या पदावरचा एक माणूस होता. तपशील देत नाही, कळायचं ते कळेल तुम्हाला. आठ महिने चाललं ते. मी नोकरी सोडली, कोणाला सांगितलं नाही, घरी सांगितलं काम आवडलं नाही. आणि पुढच्या सव्वा वर्षात १९ किलो वाढले.

त्या काळातलं मला जे आठवतं ते म्हणजे बरं वाटत होतं. खरंच. रस्त्याने जाताना कोणी बघत नव्हतं. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची. कपडे मोठे, मी आत कुठेतरी. घरचे हळहळायचे, एवढी छान होतीस, काय करून घेतलंस. मी मनात म्हणायचे की हेच तर हवं होतं.

मग तिशीत शुगर निघाली, गुडघे दुखायला लागले, आणि मी मनापासून डाएट सुरू केलं. मनापासून लिहिलंय ते मुद्दाम. कारण दहा-बारा किलो उतरले की दरवेळी एकच गोष्ट व्हायची. कोणीतरी, अगदी चांगल्या मनाचं कोणीतरी, म्हणायचं "वा, ओळखूच आली नाहीस, काय दिसतेयस!" आणि त्या रात्री मी खायचे. गोड, खारट, काहीही, उभ्याने, लाइट न लावता. मला वाटायचं मला कौतुक पचत नाही. चार वेळा झालं असं. पाचव्यांदा थेरपिस्टने विचारलं, वजन कमी झालं तर काय वाईट होईल? मी म्हटलं काय वाईट होणार. ती म्हणाली, घाई नाही, बसा. आणि मी पाऊण तास रडले.

नंतर तिनेच सांगितलं की हे काही जगावेगळं नाही. १९८५ च्या सुमाराला अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणाचा एक कार्यक्रम चालवत होते, आणि त्यांना कोडं पडलं होतं की ज्यांचं वजन छान उतरतंय तेच लोक मधूनच सोडून का जातायत. न उतरणाऱ्यांनी सोडलं तर समजू शकतो. मग त्यांनी त्या लोकांना बसवून आयुष्य विचारलं आणि कितीतरी जणांच्या लहानपणात अत्याचार निघाले. डॉक्टर ज्याला रोग समजत होते तो त्यातल्या काहींसाठी तोडगा होता. त्यातूनच पुढे बालपणीच्या आघातांवरचा मोठा अभ्यास उभा राहिला, १९९८ साली छापून आला.

सगळ्यांचं असंच असतं असं अजिबात म्हणत नाहीये, कृपया जाड माणूस दिसला की त्याच्या भूतकाळात शिरू नका. माझं असं होतं एवढंच.

आणि एक विनंती. कोणाचं वजन उतरलेलं दिसलं तर गप्प बसायलाही शिका जरा.

चिठ्ठी_दाखवा

वाचलं. तुमच्यासाठी शब्द नाहीत, पण वाचलं हे सांगायचं होतं.

गणितपक्का

@नाव_नको, मी काल रात्री हे वाचलं आणि माझा पहिला प्रतिसाद संपादित करावासा वाटला, मग म्हटलं राहू दे, जे लिहिलं ते लिहिलं.

माझंही सांगून टाकतो, नाहीतर मी नुसताच उपदेश करणारा दिसेन. सहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, रोजच्या पंधरा-सोळा होत्या. सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात असं वाचलं होतं, माझे ११ वाढले. कारण साधं होतं, हाताला आणि तोंडाला काम हवं होतं, आणि जेवण संपलं हे कळायला मला सिगारेट लागायची. ती नाही तर जेवण संपायचंच नाही. मग मी तोलायला लागलो आणि तोलण्याची मला नशा चढली. वजन उतरलं, टिकलं. पण खरं सांगू का, मी अजूनही तोलतो. सहा वर्षं. लग्नात जेवायला बसलो तरी डोक्यात आकडे. बायको म्हणते तुझं एक व्यसन गेलं आणि दुसरं आलं, याचा धूर होत नाही एवढंच. मला हे जमतं कारण मी असा आहे, मी पेट्रोलच्या पावत्यासुद्धा जपून ठेवतो. तुम्ही कराच असं आता नाही म्हणणार.

खिडकीपाशी

मोठ्या मनाने लिहिलंत, आवडलं.

दिवाताई, सगळे आपापलं सांगून गेले आणि तुम्ही गायब. एक विचारू? तिन्ही वेळा वजन परत चढायला लागलं तो महिना आठवतोय का? काय चाललं होतं तेव्हा? काय खाल्लं ते नको, काय चाललं होतं ते.

रात्रीचा_दिवा

गायब नव्हते, वाचत होते. @नाव_नको तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काय लिहू.

खिडकीताई, तुमचा प्रश्न घेऊन तीन दिवस बसले. जुने फोटो काढले, तारखा बघितल्या. सांगते, हसू नका.

पहिल्यांदा, ९ किलोवाल्या वेळी, मी बहिणीच्या लग्नासाठी उतरवलं होतं. लग्न झालं, फोटो छान आले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला उतरवायला कारणच नव्हतं. ते सोपं आहे.

तिसऱ्यांदा काहीच चाललं नव्हतं. म्हणजे खरंच काही नाही, आयुष्य ठीक, नोकरी ठीक. फक्त भूक. अशी भूक की जेवून उठल्यावर अर्ध्या तासाने परत. मी नवऱ्याला म्हणायचे माझ्या पोटाला भोक पडलंय.

आणि दुसऱ्यांदा, १४ किलोवाल्या वेळी, आईला स्ट्रोक आला. ती आमच्याकडे आली, पावणेतीन वर्षं होती. सकाळी उठल्यापासून तिचं, मग मुलाचं, मग ऑफिस, मग परत तिचं. मला वाटत होतं की धावपळीने वजन कमी व्हायला हवं उलट. पण रात्री साडेअकराला तिला कूस बदलून दिली, सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जायचे, दार लोटायचे, ओट्यावरचा छोटा दिवा लावायचे आणि खायचे. दिवसभरात तो एक तास होता जेव्हा मला कोणी हाक मारत नव्हतं. भूक होती का? माहीत नाही. @अर्धवट_झोप तुमचं ते "मला उठायचं असायचं" वाचलं आणि अंगावर काटाच आला. मला बसायचं असायचं. आणि रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात नुसतं बसलेल्या बाईला लोक विचारतात काय झालं. खात बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही.

आई जाऊन पाच वर्षं झाली. तो दिवा मी अजून लावते. आयडी घेताना नाव का सुचलं ते परवा कळलं मला.

सुई_टोचून

दिवाताईंच्या तिसऱ्या वेळेबद्दल लिहितो, कारण ती सुटून जाईल आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. काहीच चाललं नव्हतं आणि तरी चढलं, ते "काहीच नाही" नसतं.

मेलबर्नला एक अभ्यास झाला होता, २०११ मध्ये आला, पन्नास जणांचं दहा आठवड्यांत वजन उतरवलं आणि मग वर्षभराने परत हार्मोन तपासले. वर्षानंतरही भूक लावणारं वर आणि पोट भरवणारं खालीच होतं. म्हणजे माणूस विसरला, शरीर विसरलं नाही. आणि तो अमेरिकेतला वजन उतरवायच्या स्पर्धेचा टीव्ही शो होता ना, द बिगेस्ट लूझर, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ मध्ये छापून आलं. उतरलेल्या ५८ पैकी सरासरी ४१ किलो परत आले होते आणि तरीही त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा रोज पाचशेच्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं. गणितपक्का, तुमचा हिशोब चुकीचा नाही, पण वहीच्या दोन्ही बाजू शरीर स्वतः लिहितं, आपण फक्त एका बाजूला पेन लावतो.

माझं म्हणाल तर मी सेमाग्लुटाइडचं, म्हणजे भूक कमी करणारं इंजेक्शन घेतलं सव्वा वर्ष, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १६ किलो गेले. पण सांगायचंय ते किलोंचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये बसलो होतो, समोर कोणीतरी चॉकलेटचा डबा उघडा ठेवलेला, आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मला त्या डब्याचा विचार आलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन बायकोला विचारलं, तुला नेहमी असंच असतं का? डोक्यात एवढी शांतता? ती म्हणाली कसली शांतता, मला कळत नाहीये तू काय विचारतोयस. तेव्हा मला रडू आलं, कारण मी पंचेचाळीस वर्षं समजत होतो की सगळ्यांच्या डोक्यात हा रेडिओ चालू असतो आणि बाकीचे माझ्यापेक्षा जास्त मनोनिग्रही आहेत.

मग वाटलं काम झालं, बंद केलं. आठ महिन्यांत ९ परत. नंतर वाचलं की या औषधाच्या चाचणीतही ६८ आठवड्यांत १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं होतं आणि थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. ब्लडप्रेशरची गोळी थांबवली की ब्लडप्रेशर वाढतं तसंच हे, पण ब्लडप्रेशरला कोणी आळशी म्हणत नाही. आता परत सुरू करायचं का हे ठरवतोय. पहिले दोन महिने मळमळीने जीव नकोसा झाला होता, ते विसरलेलो नाही.

मागच्या_बाकावरून

हा धागा वाचून मी उठून एक चक्कर मारून आलो. वाचनखूण साठवली.

अर्धवट_झोप

@दिवाताई, माझ्या बाबतीत एक गोष्ट उपयोगी पडली ती सांगतो, चालेल न चालेल तुम्हाला. पहाटे तीनची जाग मी थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा काहीच झालं नाही. मग मी ठरवलं की उठायचं, पण बाल्कनीत. खाणं बंद नाही केलं, उठणं चालू ठेवलं. पंधरा मिनिटं नुसता उभा राहायचो, खाली रस्ता बघत. पहिले काही आठवडे तिथेही चिप्स घेऊन जायचो हे कबूल करतो. मग कधीतरी विसरलो न्यायला.

रात्रीचा_दिवा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती.

मी सध्या तरी उतरवणार नाहीये. वाचून धक्का बसेल पण खरंच. सहा महिने फक्त आहे तिथे राहायचं, चढू द्यायचं नाही, एवढंच बघणार. चौथ्यांदा १२ किलो उतरवून १५ चढवण्यापेक्षा ते बरं. शुगरसाठी डॉक्टर बदलतेय, आणि चिठ्ठीताई, मी मायग्रेनसाठी तीन वर्षं अमिट्रिप्टिलिन घेतेय, तुमच्या यादीत ते नाव बघून उडालेच, अपॉइंटमेंटला ती चिठ्ठी घेऊन जाते.

आणि काल नवऱ्याला सांगितलं की रात्री साडेअकरा ते साडेबारा मला हाक मारायची नाही. तो म्हणाला मी कुठे मारतो हाक, मी तर झोपलेला असतो. बरोबर आहे त्याचं. तरी सांगून ठेवलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसले, दिवा लावून, हातात काही न घेता. वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मुलगा पाणी प्यायला उठला आणि दारात उभा राहून म्हणाला, "आई, काय झालं?"

गणितपक्का

मग काय सांगितलंत त्याला?

रात्रीचा_दिवा

म्हटलं, काही नाही रे, बसलेय. तो म्हणाला, "बरं," आणि जाऊन झोपला.